लोकसेवकाची उमेदवारी

समाजसेवा आणि निवडणूक ही दोन्ही कामे लोकांत वावरूनच करावयाची असली, तरी त्या दोहोंचा धर्म एक नाही. सेवक लोकांच्या दारी जातो तो काही देण्याकरिता. उमेदवाराला त्याच दारी काही मागावयास जावे लागते. वर्षानुवर्षे वस्तीतील तलाव साफ करणारा, रात्री-अपरात्री रुग्णाला इस्पितळात पोहोचविणारा, मुलांच्या शाळाप्रवेशासाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजविणारा मनुष्य एके दिवशी विधानसभेसाठी मत मागू लागला, म्हणजे त्याच्या मागच्या साऱ्या कामाकडे लोक नव्याने पाहू लागतात. हे सर्व एवढ्याचसाठी होते काय, असा प्रश्न कोणी तोंडावर विचारतो, कोणी मनातच ठेवतो. या प्रश्नाला तो आपल्या वागणुकीने काय उत्तर देतो, यावर त्याची उमेदवारीच नव्हे, तर त्याची मागची सेवाही पारखली जाते.

या प्रश्नाचा विचार करण्यास छत्तीसगडची राजधानी रायपूर हे शहर विशेष सोयीचे आहे. मराठी माणसाला ते परके नाही. नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडावर होता. तात्यापाऱ्यासारख्या वस्तीत मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या राहत आली. १९०० साली पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक निघाले, त्याचे संपादक माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर, व त्याचा आर्थिक भार उचलणारे रायपूरचे वामनराव लाखे, हे तिघेही मराठी भाषक होते. याच लाख्यांनी १९१३ साली रायपुरात सहकारी मध्यवर्ती बँक उभी करण्यात पुढाकार घेतला आणि शेतकऱ्याला सावकाराच्या व्याजातून सोडविण्याचा मार्ग या प्रदेशाला दाखविला. प्रथम एखादी संस्था काढावयाची, तिच्यातून लोकांच्या गरजा समजून घ्यावयाच्या, मग नगरपालिकेत किंवा कायदेमंडळात जावयाचे, हा क्रम रायपूरच्या सार्वजनिक जीवनात असा फार पूर्वी पडून गेला.

त्या क्रमाचे सर्वांत बोलके उदाहरण ठाकूर प्यारेलाल सिंह यांचे होय. त्यांचा जन्म १८९१ साली राजनांदगाव संस्थानातील दैहान या गावी झाला. ते वकील झाले. पण त्यांचे नाव प्रथम दूरवर गेले ते १९२० साली. राजनांदगावच्या बंगाल-नागपूर कापड गिरणीतील मजुरांनी त्या वर्षी महिनाभराहून अधिक काळ संप केला आणि त्या संपाचे नेतृत्व प्यारेलाल सिंहांनी केले. संस्थानी राज्यात मजुरांची बाजू घेणे ही सोपी गोष्ट नव्हती. पुढे संस्थानातून त्यांना बाहेर पडावे लागले आणि रायपूर ही त्यांची कर्मभूमी झाली. १९३७ पासून पुढे नगरपालिकेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे तीनदा आले. १९४५ साली त्यांनी छत्तीसगड विणकर सहकारी संघाची स्थापना केली.

या शेवटच्या कामाकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. युद्धकाळात सूत सरकारी नियंत्रणाखाली आले होते. हातमागावर बसणाऱ्या विणकराजवळ कसब होते, माग होता, पण सूत नव्हते. आणि सूत ज्याच्या हाती होते तो व्यापारी सांगेल त्या दराने कापड देणे विणकराला भाग पडत असे. सहकारी संघ म्हणजे या दोघांच्या मध्ये विणकरांनी स्वतः उभारलेले दुकान. सूत संघाच्या नावाने घ्यावयाचे, सभासदांत वाटावयाचे, कापड एकत्र विकावयाचे आणि उरलेला लाभ सभासदांतच राखावयाचा. अशा संघातील विणकर हा उपकृत नसतो, तो भागीदार असतो. त्याने आपल्या कार्यकर्त्याला मत दिले, तर ते उपकाराची फेड म्हणून दिले असे म्हणता येत नाही. आणि दिले नाही, म्हणून त्याचे सूत बंद होत नाही. सेवेला संस्थेचे रूप देण्याचा हा लाभ निवडणुकीच्या वेळी विशेष जाणवतो.

१९५१ साली आचार्य कृपलानी काँग्रेसमधून बाहेर पडले व त्यांनी किसान मजदूर प्रजा पक्ष स्थापन केला. प्यारेलाल सिंहांनीही आयुष्यातील उमेदीची वर्षे ज्या पक्षात घालविली तो सोडून या नव्या पक्षात प्रवेश केला आणि पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते रायपुरातून विधानसभेसाठी उभे राहिले. ती निवडणूक आजच्याहून फार निराळी होती. मतदाराचे वय २१ वर्षे असावे लागे. विधानसभेच्या उमेदवाराची अनामत २५० रुपये होती. मतदानकेंद्रावर प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे आणि तिच्यावर त्याचे चिन्ह लावलेले असे. काँग्रेसची बैलजोडी, किसान मजदूर प्रजा पक्षाची झोपडी. अक्षरओळख नसलेल्या मतदाराने चिन्ह ओळखून आपली मतपत्रिका त्या पेटीत टाकावयाची, एवढाच विधी असे.

मध्यप्रदेश विधानसभेच्या २३२ जागांपैकी काँग्रेसला १९४ जागा मिळाल्या. किसान मजदूर प्रजा पक्षाच्या वाट्याला अवघ्या ८ आल्या. त्या आठांत रायपूरची जागा होती. विधानसभा भरत असे ती नागपुरास, कारण १९५६ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत नागपूर हीच त्या राज्याची राजधानी होती. मुख्यमंत्री पंडित रविशंकर शुक्ल हेही रायपूरचेच वकील. आणि त्यांच्या समोरच्या बाकांवर विरोधी पक्षनेते म्हणून बसले ते ठाकूर प्यारेलाल सिंह. स्वातंत्र्याच्या चळवळीत एका बाजूला असलेली एकाच शहरातील दोन माणसे प्रजासत्ताकाच्या पहिल्या विधानसभेत परस्परांसमोर उभी राहिली. १९४ सदस्यांच्या पुढे मूठभर सदस्यांना कोणतेही विधेयक मतांच्या बळावर अडविता येणे शक्य नसते. अशा सभागृहात विरोधी सदस्याचे बळ त्याच्या माहितीत असते. आणि गिरणी, नगरपालिका व माग या तिन्ही ठिकाणी ज्याने हाताने काम केले आहे, त्याच्या माहितीला जो भार येतो तो केवळ वाचून आलेल्या माहितीला येत नाही.

आज रायपूरच्या कार्यकर्त्याला सभागृह गाठण्यासाठी नागपूर वा भोपाळ येथे जावे लागत नाही. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झाले, त्याच्या विधानसभेची पहिली बैठक १४ डिसेंबर २००० रोजी रायपूरच्या राजकुमार कॉलेजाच्या आवारात भरली. या विधानसभेत ९० जागा आहेत. २००८ पासून रायपूर शहराच्या नावाचे चार मतदारसंघ झाले: ग्रामीण, पश्चिम, उत्तर आणि दक्षिण. सभागृह जवळ आले. पण तेथवर पोहोचण्याचे नियम वाढले आहेत, आणि ज्याला उमेदवारी करावयाची आहे त्याने ते आधी समजून घेणे अगत्याचे आहे.

उमेदवाराचे वय २५ वर्षे पूर्ण झालेले असावे आणि त्याचे नाव राज्यातील कोणत्याही मतदारसंघाच्या यादीत असावे. तो सरकारी लाभाचे पद धारण करणारा नसावा. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला त्या मतदारसंघातील एक सूचक पुरतो. अपक्षाला दहा लागतात. अनामत रक्कम १०,००० रुपये असून अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारास तिची निम्मी भरावी लागते. एकूण वैध मतांच्या एक-षष्ठांशाहून अधिक मते न पडल्यास ती जप्त होते. निवडणूक-खर्चासाठी स्वतंत्र बँक-खाते उघडावे लागते. छत्तीसगडात विधानसभेच्या उमेदवाराच्या खर्चाची कमाल मर्यादा २०२२ च्या जानेवारीत ४० लाख रुपये ठरविण्यात आली. त्याचा दैनंदिन हिशेब ठेवून तो प्रचारकाळात तपासणीस दाखवावयाचा आणि निकालानंतर ३० दिवसांच्या आत दाखल करावयाचा, हे बंधन विजयी आणि पराभूत दोघांनाही आहे. हिशेब न दिल्यास तीन वर्षांपर्यंत निवडणूक लढविण्याचा अधिकार जाऊ शकतो. सेवाकार्यात पावती न घेता चहापाणी आणि पेट्रोल यांवर खर्च करण्याची सवय जडलेल्या कार्यकर्त्याची पहिली अडचण येथेच होते.

दुसरी अडचण शपथपत्राची. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ सालच्या निर्णयांनंतर प्रत्येक उमेदवाराला आपली मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि आपल्यावरील फौजदारी प्रकरणे शपथेवर सांगावी लागतात. आणि २०१८ च्या निर्णयानंतर प्रलंबित प्रकरणे वर्तमानपत्रांतून व दूरचित्रवाणीवरून जाहीर करावी लागतात. नियम योग्य आहे, मतदाराच्या हिताचा आहे. पण ज्याने नळाला घाण पाणी येते म्हणून रस्त्यावर बैठक मारली आणि त्यापायी ज्याच्यावर खटला झाला, त्याचेही नाव त्याच रकान्यात येते. रायपुरात दूषित पाण्यामुळे कावीळ पसरल्याचे प्रसंग घडलेले आहेत. तशा वेळी आंदोलन करणाऱ्याला खटल्याचे कारण मतदारांना समजावून सांगण्याची तयारी ठेवावी लागते. लपविण्याची मुभा नाही, आणि लपविण्याचे कारणही नाही.

परंतु सर्वांत कठीण बंधन याहून निराळे आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे मत मिळविण्याच्या हेतूने मतदाराला कोणतीही देणगी वा लाभ देणे हा भ्रष्ट आचार ठरतो. मतदारांना मतदानकेंद्रावर फुकट नेण्यासाठी उमेदवाराने वाहन पुरविणे हाही भ्रष्ट आचारच आहे. असा आचार सिद्ध झाला तर निवडणूक रद्द होते आणि सहा वर्षांपर्यंत अपात्रता येऊ शकते. त्यासाठी निकालापासून ४५ दिवसांच्या आत बिलासपूरच्या उच्च न्यायालयात अर्ज करता येतो. याचा अर्थ असा, की ज्या गाडीतून हा कार्यकर्ता वर्षभर रुग्णांना 'मेकाहारा'त, म्हणजे रायपूरच्या मोठ्या सरकारी इस्पितळात नेत असे, त्या गाडीतून त्याच म्हातारीला मतदानाच्या दिवशी केंद्रावर नेणे त्याला वर्ज्य आहे. जो वह्या वाटत होता त्याने वह्या वाटणे थांबवावयाचे. जो औषधे देत होता त्याने औषधांची पेटी दुसऱ्याच्या स्वाधीन करावयाची. परदेशातून येणारी देणगी तर उमेदवाराला किंवा विधानसभेच्या सदस्याला कायद्यानेच घेता येत नाही.

वरवर पाहता हे विपरीत वाटते. चांगल्या मनुष्याचा चांगुलपणा नेमका निवडणुकीच्या काळात थांबविणारा हा कायदा कसला, असे कोणी म्हणेल. पण थोडा विचार केल्यास त्यातील मर्म ध्यानी येते. मत हे मतदाराच्या हातचे एकमेव असे दान आहे, की जे श्रीमंताजवळ अधिक व गरिबाजवळ उणे नसते. ते देताना त्याचा हात कोणाच्याही उपकाराखाली दबलेला नसावा, एवढेच कायद्याला हवे असते. मग तो उपकार धनिकाच्या पैशाचा असो की सेवकाच्या सद्भावनेचा. दबलेला हात दबलेलाच असतो. म्हणून जाणता कार्यकर्ता अर्ज भरण्यापूर्वीच आपली संस्था दुसऱ्या विश्वासू माणसांच्या हाती सोपवितो, तिचा पैसा, गाडी आणि कचेरी प्रचारापासून वेगळी ठेवतो आणि लोकांना स्पष्ट सांगतो की, मत द्या वा देऊ नका, दवाखाना उद्याही उघडाच राहील. ज्याला हे सांगता येत नाही, त्याने आपली सेवा खरोखर कोणासाठी होती हे स्वतःला विचारावे.

त्यानंतरचा प्रश्न पक्षाचा. अपक्षाला मोकळीक असते. पण त्याचे चिन्ह त्याला माघारीची मुदत संपल्यावरच मिळते, म्हणजे लाखो मतदारांना ते ओळखीचे करून देण्यास त्याच्या हाती सुमारे दोनच आठवडे उरतात. मतदानयंत्रावर त्याचे नाव पक्षीय उमेदवारांच्या खाली येते. पक्षाच्या उमेदवाराला चिन्ह, कार्यकर्ते व मतदानकेंद्रावरील प्रतिनिधी आयते मिळतात. परंतु निवडून आल्यावर पक्षादेश पाळावा लागतो. १९८५ सालच्या पक्षांतरबंदीनुसार पक्षादेशाविरुद्ध मत दिल्यास सदस्यत्व जाऊ शकते. आणि अपक्ष म्हणून निवडून येऊन मागाहून एखाद्या पक्षात गेल्यासही तेच घडते. तेव्हा कार्यकर्त्याने आपल्या स्वातंत्र्याची किंमत आधीच ठरवावी लागते. प्यारेलाल सिंहांनी जुना पक्ष सोडला तो निवडणुकीपूर्वी, आणि नव्या पक्षाचे चिन्ह घेऊन उघडपणे मते मागितली. मतदाराला काय दिले जात आहे ते त्याला आधी कळले, हे त्यातील औचित्य होय.

येथे एक भ्रमही दूर केला पाहिजे. आपल्याला सगळे ओळखतात, असे प्रत्येक कार्यकर्त्याला वाटते. ते त्याच्या मोहल्ल्यापुरते खरे असते. मतदारसंघ मात्र अनेक मोहल्ल्यांचा असतो, आणि पलीकडच्या वस्तीत त्याचे नावही कोणी ऐकलेले नसते. शिवाय ओळख आणि मत यांत अंतर आहे. ज्याच्याकडून रेशनकार्डाचे काम करून घेतले, त्याला लोक दुवा देतात. पण आमदार निवडताना राज्यात सरकार कोणाचे येणार, जातभाई कोणाच्या बाजूला आहेत, आपल्या गल्लीतला रस्ता कोणाच्या शब्दावर होईल, याचाही हिशेब करतात. यात कृतघ्नता पाहू नये. लोक सेवकाला एका मापाने मोजतात आणि प्रतिनिधीला दुसऱ्या. आणि तसे करण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे.

कारण प्रतिनिधीचे काम खरोखरच वेगळे असते. सेवक एका रुग्णाला इस्पितळात नेतो. आमदाराने इस्पितळात खाटा किती, डॉक्टरांच्या रिकाम्या जागा किती, हा प्रश्न सभागृहात विचारावयाचा असतो. सेवक ज्याला मदत करावयाची त्याची निवड करू शकतो. आमदाराला ज्यांनी त्याच्या विरुद्ध मत दिले त्यांचेही गाऱ्हाणे ऐकावे लागते. अर्थसंकल्पातील मागण्या, तारांकित प्रश्न, मंत्र्यांनी दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा, समित्यांतील कंटाळवाणी वाटणारी कागदपत्रे, यांतच त्याच्या कामाचा मोठा भाग असतो. जो आमदार झाल्यावरही केवळ गाडी घेऊन धावत राहतो तो सेवक म्हणून कदाचित चांगला असेल. पण ज्या कामासाठी लोकांनी त्याला पाठविले, ते काम तसेच राहून जाते.

सेवा आणि प्रतिनिधित्व यांची सांगड घालण्याचा एक प्रयोग छत्तीसगडातच झाला आहे. दल्ली राजहरा येथील लोहखाणींतल्या मजुरांनी १९७७ साली शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली आपली संघटना बांधली. त्या संघटनेने केवळ मजुरीसाठी लढा दिला नाही. दारूबंदीची मोहीम चालविली, शाळा काढल्या आणि मजुरांच्या वर्गणीतून व श्रमातून १९८३ साली शहीद इस्पितळ उभे केले. याच चळवळीतील जनकलाल ठाकूर हे डोंडी लोहारा मतदारसंघातून १९८५ साली आणि पुन्हा १९९३ साली विधानसभेवर निवडून गेले. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की इस्पितळ एका उमेदवाराचे नव्हते, ते मजुरांचे होते. १९९१ साली नियोगींची भिलाईत हत्या झाली, विधानसभेची जागा कधी हाती आली कधी गेली. इस्पितळ मात्र चालतच राहिले.

या राज्याच्या लोकजीवनात 'मितान' नावाचे एक नाते आहे. रक्ताचा संबंध नसताना दोन माणसे विधिपूर्वक एकमेकांची मित्र होतात आणि ते नाते जन्मभर पाळतात. २००२ साली गावोगाव आरोग्यसेविका नेमताना राज्याने त्यांना 'मितानिन' हेच नाव दिले. पुढे देशभर निघालेल्या 'आशा' कार्यकर्त्यांच्या योजनेला त्या अनुभवाचा आधार मिळाला. निवडणूक हरलेल्या कार्यकर्त्याने दुसऱ्या दिवशी काय करावे, याचे उत्तर या नात्यात आहे. मितान मत मोजून ठरत नाही. पराभवानंतर जो आपल्या कामावर पूर्ववत हजर होतो, त्याच्याविषयी सुरुवातीचा तो प्रश्न पुन्हा कोणी विचारीत नाही; जो दार लावून घेतो, त्याने आपले उत्तर देऊन टाकलेले असते.

आणि विजयानंतरही कसोटी संपत नाही. ठाकूर प्यारेलाल सिंहांना विरोधी पक्षनेत्याचे आसन मिळाले होते. वय साठीच्या पुढे गेले होते. नागपूरच्या सभागृहात बसून उरलेले आयुष्य मानाने काढणे त्यांना कठीण नव्हते. पण विनोबांच्या भूदानाची हाक आली तेव्हा ते पायी चालू लागले. १९५२ साली त्यांनी रायपूरच्या दारोदार स्वतःसाठी मत मागितले होते. आता ते खेडोपाडी दुसऱ्यांसाठी जमीन मागू लागले. २० ऑक्टोबर १९५४ रोजी त्या भूदानयात्रेतच त्यांचे देहावसान झाले.